सायटिक नर्व्हला इजा झाल्यावर उंदराची चाल किती परतली, हे कसं मोजायचं

उंदराच्या (इथे मोठा उंदीर, म्हणजे रॅट) मांडीतली सायटिक नर्व्ह, म्हणजे मागच्या पायाकडे जाणारा मुख्य मज्जातंतू, चिमट्यात दाबली किंवा कापली, तरी उंदीर एका जागी बसून राहत नाही. गुडघा सरळ ठेवणारा मांडीचा पुढचा स्नायू फेमोरल नर्व्हवर चालतो आणि ती शाबूत असते. त्यामुळे उंदीर पिंजऱ्यात फिरतो, खातो, पाण्याच्या बाटलीपर्यंतही जातो. बिघडतं ते पाऊल. निरोगी उंदीर चालताना टाच बरीचशी उचललेली ठेवतो आणि बोटं पंख्यासारखी पसरवतो. इजेनंतर टाच जमिनीला टेकते, बोटं एकमेकांना चिकटतात आणि ठसा लांबट व अरुंद होतो.

या बदलावरून एकच आकडा काढायची पद्धत दे मेडिनासेली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली. तिला सायटिक फंक्शनल इंडेक्स, म्हणजे एसएफआय म्हणतात. एम.फार्म., पशुवैद्यक किंवा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखाद्या औषधाने, अर्काने किंवा कलमाने (तुटलेल्या जागी जोडलेल्या तुकड्याने) मज्जातंतू लवकर भरून येतो का हे तपासायचं असेल, तर बहुतेक वेळा याच चाचणीपासून सुरुवात होते. पद्धत स्वस्त आहे, कागद आणि शाईवर भागते. आकडाही हमखास निघतो, आणि धोका तिथेच आहे. एसएफआय पावलाचा ठसा मोजतो, मज्जातंतू मोजत नाही. या दोहोंत अंतर कुठे पडतं ते माहीत असेल तरच तो आकडा वापरण्याजोगा होतो.

इजा कोणती, ते आधी ठरवा

सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात वहन तात्पुरतं थांबतं. दुसऱ्यात आतले संदेश नेणारे बारीक धागे, म्हणजे अ‍ॅक्सॉन तुटतात, पण भोवतालच्या नळ्या टिकतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं. प्रयोगात नर्व्ह चिमट्याने दाबतात तेव्हा साधारण दुसरा प्रकार घडतो. जुन्या नळ्या जागेवर असल्याने नवे अ‍ॅक्सॉन आपापल्या वाटेने खाली उतरतात आणि पाऊल काही आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतं. नर्व्ह कापून शिवली की गोष्ट वेगळी होते. अ‍ॅक्सॉन वाढतात, पण चुकीच्या नळीत शिरतात. पोटरीकडे जाणारा तंतू नडगीच्या स्नायूत पोचतो. अशा उंदरांचा एसएफआय कित्येक महिने वाईटच राहू शकतो, आणि त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची संख्या उत्तम दिसू शकते.

म्हणून दाबण्याच्या इजेसाठी एसएफआय ही चांगली निवड आहे. कापून शिवलेल्या किंवा कलम लावलेल्या नर्व्हसाठी तो घ्यायला हरकत नाही, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

आणखी एक घोळ प्रबंधांत वारंवार दिसतो. बीबीबी स्केल १९९५ मध्ये पाठीच्या कण्याच्या, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेसाठी बनवलं गेलं. त्यात ० ते २१ गुण असतात आणि दोन्ही मागच्या पायांची हालचाल व समन्वय पाहतात. एका बाजूच्या सायटिक इजेला ते लावण्यात फारसा अर्थ नाही. इजा पुढच्या पायाच्या मीडियन नर्व्हला असेल, तर पकड चाचणी घ्या: उंदराला तारेची जाळी धरू द्यायची, शेपटीने हलकेच मागे ओढायचं आणि जाळी जोडलेल्या वजनकाट्यावर पकडीचं बळ वाचायचं.

परवानगी आणि गट

भारतात हे काम १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालच्या १९९८ च्या नियमांत बसतं. उंदरांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. अर्ज ‘फॉर्म बी’वर करतात. त्यात चालीच्या चाचण्यांचं वेळापत्रक, वेदनाशामक औषध आणि प्रयोग मध्येच थांबवण्याच्या कसोट्या स्पष्ट लिहा. ‘गरजेनुसार वेदनाशामक देऊ’ असं मोघम वाक्य पुरत नाही. कोणतं औषध, किती मात्रा, किती दिवस, हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवा आणि सर्व गटांना सारखंच द्या. वेदनाशामक औषधांचा चालीवर परिणाम होतो. एका गटाला ते जास्त मिळालं तर तुमचा निकाल त्या औषधाचा होईल.

किमान तीन गट लागतात: नर्व्ह उघडली पण दाबली नाही असा, दाबली पण उपचार नाही असा, आणि दाबून उपचार केलेला. यातला पहिला गट खर्च वाचवायला गाळतात, आणि इथेच बचत महाग पडते. मांडीचा स्नायू बाजूला सारल्याने, टाक्यांच्या दुखण्याने पाऊल किती बिघडतं हे फक्त तो गट सांगतो. उंदीर गटांत विभागताना चिठ्ठ्या टाका किंवा संगणकाकडून यादृच्छिक क्रम घ्या. पिंजऱ्यात हात घालून आधी सापडतील ते पहिल्या गटात, असं केलं की सुस्त उंदीर एकीकडे जमा होतात. शस्त्रक्रिया एकाच व्यक्तीने, एकाच चिमट्याने, तितकाच वेळ दाबून करावी. चिमट्याच्या कितव्या खाचेपर्यंत दाबलं हेही नोंदवा, कारण इजेतला फरक नंतर कुठल्याही संख्याशास्त्राने निघत नाही.

वंशाची निवडही इथेच करायची. आपल्याकडे विस्टार आणि स्प्रेग-डॉली सहज मिळतात. बधिर झालेल्या पायाची बोटं कुरतडण्याची सवय सगळ्याच उंदरांत कमी-जास्त असते. ल्युईस वंशात ती कमी दिसते, म्हणून बाहेरच्या बऱ्याच प्रयोगशाळा तो वापरतात. तुमच्याकडे विस्टारच असतील तर बोटं गमावणारे काही उंदीर गृहीत धरून गटाची संख्या ठरवा.

वाट आणि सवय

चालण्याची वाट म्हणजे वरून उघडी, दोन्ही बाजूंनी भिंती असलेली अरुंद पेटी. साधारण ८ सेंटिमीटर रुंद आणि निदान ४२ सेंटिमीटर लांब. लांबी जास्त असली तर उत्तमच, सलग पावलं जास्त मिळतात. रुंदी मात्र वाढवू नका. जागा मिळाली की उंदीर वळतो, थांबतो, भिंत हुंगत बसतो. पेटीच्या शेवटी अंधारी खोकी ठेवा. उंदराला उजेडातून अंधारात जायचंच असतं, त्याला मागून ढकलावं लागत नाही. अ‍ॅक्रिलिक कापून आणता येतं, सुताराकडून प्लायवूडची पेटी केली तरी चालते. फक्त आतली बाजू धुता आली पाहिजे, कारण आधीच्या उंदराच्या वासाने पुढचा उंदीर अडतो.

शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस रोज उंदराला हातात घ्या आणि या वाटेवरून चालवा, शाईशिवाय. न थांबता, न धावता तो टोकापर्यंत जाऊ लागला की सवय झाली. मग शाई लावून शस्त्रक्रियेपूर्वीचे ठसे घ्या. हे मूळ मोजमाप टाळता येत नाही. काही उंदीर मुळातच एका पायावर जरा झुकून चालतात, ते इथेच कळतं. चाचणी दर वेळी दिवसाच्या त्याच सुमारास आणि शक्यतो त्याच माणसाने घ्यावी.

ठसे घेणं

वाटेच्या मापाच्या जाडसर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीच्या मागे उंदराचा क्रमांक आणि तारीख लिहा, गट लिहू नका. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये.

शाई पाण्यात विरघळणारी आणि बिनविषारी हवी, कारण उंदीर पिंजऱ्यात परतल्यावर पाय चाटणार हे नक्की. पूर्वी ठशांसाठी फोटोची फिल्म आणि डेव्हलपर वापरत. आता पोस्टर कलर पातळ करून घेतला तरी काम भागतं. शाई भांड्यात ओतून त्यात पाय बुडवू नका. कापडाची घडी किंवा स्पंजाचा तुकडा भिजवून त्यावर तळवा टेकवा. जास्त शाईने बोटांमधल्या जागा भरतात, सगळा ठसा एक डाग होतो आणि नेमकं जे मोजायचं तेच दिसत नाही. दोन्ही मागचे पाय एकाच रंगात रंगवले तरी डावा-उजवा ओळखता येतो, पण वेगवेगळे रंग घेतले तर रात्री उशिरा मोजताना घोटाळा होत नाही.

उंदीर वाटेच्या सुरुवातीला सोडा आणि हात मागे घ्या. मध्ये थांबला, धावला किंवा वळला तर ती पट्टी बाजूला ठेवून पुन्हा चालवा. प्रत्येक बाजूचे निदान तीन स्पष्ट, सलग ठसे मिळेपर्यंत थांबा, मात्र एका बैठकीत पाच-सहा फेऱ्यांपुढे जाऊ नका. थकलेला उंदीर निरोगी असला तरी टाच टेकतो. काम झालं की पाय कोमट पाण्याने पुसा आणि बोटं, नखं नीट पाहा. कुरतडण्याची सुरुवात नखांपासून होते. ती त्या दिवशीच्या वहीत यायला हवी.

ठशावर काय मोजायचं

प्रत्येक ठशावर तीन अंतरं घ्यायची. ठशाची लांबी टाचेपासून तिसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत. बोटांचा पूर्ण फैलाव पहिल्या ते पाचव्या बोटापर्यंत. मधला फैलाव दुसऱ्या ते चौथ्या बोटापर्यंत. इजा झालेल्या आणि निरोगी, दोन्ही पायांवर हीच तीन. व्हर्निअर कॅलिपर चालतो, पण पट्टी स्कॅन करून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजलेलं बरं. खूण कुठे केली ते जपून ठेवता येतं आणि दुसऱ्या मोजणाऱ्याला तपासता येतं. स्कॅन करताना पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर पिक्सेलचे मिलिमीटर करता येणार नाहीत.

बोटाचं टोक म्हणजे नखाचं टोक की मांसल गादीचा मध्य? हे प्रयोगशाळेत एकदाच ठरवा, कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. इतकी काटेकोरी का, ते पुढच्या आकडेमोडीत दिसेल.

आकडेमोड

प्रत्येक मापासाठी एक गुणांक काढायचा: इजा झालेल्या पायाचं माप वजा निरोगी पायाचं माप, भागिले निरोगी पायाचं माप. लांबीचा तो पीएलएफ, पूर्ण फैलावाचा टीएसएफ आणि मधल्या फैलावाचा आयटीएफ. आज सर्वाधिक वापरलं जाणारं सूत्र बेन, मॅकिनन आणि हंटर यांनी १९८९ मध्ये दिलं:

एसएफआय = (−३८.३ × पीएलएफ) + (१०९.५ × टीएसएफ) + (१३.३ × आयटीएफ) − ८.८

शून्याच्या आसपास म्हणजे निरोगी, −१०० म्हणजे पूर्ण निकामी.

समजा निरोगी पायाची लांबी ३० मिलिमीटर, पूर्ण फैलाव १८ आणि मधला फैलाव १० आहे. इजेच्या पायाची मापं अनुक्रमे ४२, ९ आणि ६. पीएलएफ ०.४०, टीएसएफ −०.५०, आयटीएफ −०.४० येतो. सूत्रात घातल्यावर −१५.३२, −५४.७५, −५.३२ आणि −८.८, एकूण −८४.२.

आता याच उदाहरणात पूर्ण फैलाव मोजताना इजेच्या पायावर एक मिलिमीटरची चूक झाली असं धरा. टीएसएफ ०.०५६ ने हलतो आणि एसएफआय सहा गुणांनी. हीच एक मिलिमीटरची चूक लांबीत झाली असती तर फरक सव्वा-दीड गुणाच्या आत राहिला असता. म्हणजे या निर्देशांकाचा जवळजवळ सगळा भार पहिल्या आणि पाचव्या बोटावर आहे. दोन गटांत पाच गुणांचा फरक दाखवून ‘लक्षणीय सुधारणा’ लिहिणाऱ्यांनी आपल्या मोजणाऱ्याचा हात आधी तपासावा. वीसेक ठसे त्याच माणसाकडून आठवड्याने पुन्हा मोजून घ्या आणि किती फरक येतो ते पाहा.

दुसरी गोष्ट. दोन्ही पाय अगदी सारखे असले, तिन्ही गुणांक शून्य आले, तरी उत्तर −८.८ येतं. शस्त्रक्रियेपूर्वीच्या उंदरांची सरासरी बरोबर शून्य आली नाही म्हणून घाबरू नका. तिथून ते पुढे किती सरकतात, ते पाहायचं.

लहान उंदीर, म्हणजे माउस वापरत असाल तर हे सूत्र लावू नका. त्यांच्यासाठी इन्सेरा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वेगळं सूत्र दिलं: ११८.९ × टीएसएफ − ५१.२ × पीएलएफ − ७.५.

ठसा नीट मिळत नाही तेव्हा

पहिल्या आठवड्यात पाय घासत जातो आणि कागदावर नुसती रेघ उमटते. अशा वेळी −१०० धरण्याची प्रथा आहे. ती मान्य, पण नियम प्रयोगाआधी लिहून ठेवा आणि किती उंदरांना असा −१०० दिला ते अहवालात सांगा.

बोटं कुरतडली असतील तर फैलाव मोजताच येत नाही. तो उंदीर ठशांच्या विश्लेषणातून बाहेर जातो. त्याला −१०० देणं चूक, कारण बोट नाही याचा अर्थ मज्जातंतू भरला नाही असा होत नाही. पाय आखडून बोटं आत वळली असतील तरी तेच. अशा उंदरांची संख्या उपचाराच्या गटात कमी असेल तर ती स्वतंत्र माहिती आहे, ती गटवार मांडा.

वेगाचाही प्रश्न असतो. हळू चालणारा उंदीर टाच जास्त टेकतो. शाई-कागदात वेग कळत नाही, म्हणून वाटेवर मोबाइलचा कॅमेरा लावून प्रत्येक फेरीला किती सेकंद लागले ते नोंदवा. त्याहून सोपी वाट म्हणजे उभ्या उंदराचा ठसा. पारदर्शक तळ असलेल्या डब्यात उंदीर ठेवून खालून फोटो काढायचा. बर्व्हार यांनी २००० मध्ये यासाठी स्टॅटिक सायटिक इंडेक्स मांडला. त्यात लांबी नाहीच, फक्त दोन्ही फैलाव आहेत: १०८.४४ × टीएसएफ + ३१.८५ × आयटीएफ − ५.४९. शाई नाही, घासलेले ठसे नाहीत आणि वेगाची भानगडही नाही. नवीन प्रयोगशाळेला मी आधी हेच सुचवेन. कागदाची पद्धत जुन्या निष्कर्षांशी तुलना करायची असेल तेव्हा सोबत घ्यावी.

कॅटवॉकसारख्या यंत्रांत काचेच्या वाटेवर पाऊल टेकलं की तिथला प्रकाश उजळतो आणि खालचा कॅमेरा तो टिपतो. पाय किती वेळ टेकला, किती वेळ हवेत राहिला, हे सगळं मिळतं. यंत्र मात्र ढीगभर मोजमापं देतं. त्यातली कोणती पाहायची हे आधी ठरवलं नाही, तर एखादं तरी तुमच्या बाजूने निघणारच.

सोबत काय मोजायचं

किमान एक चाचणी बळाची हवी. उंदराला मऊ कापडात गुंडाळून हातात उभा धरा, एकच मागचा पाय मोकळा ठेवा आणि डिजिटल वजनकाट्याच्या ताटलीवर हळूहळू उतरवा. तो पाय ताणून ताटली दाबतो. काट्यावर जे कमाल ग्रॅम दिसतात, ते त्या पायाचं रेटा देण्याचं बळ. निरोगी पायाचं बळ वजा इजेच्या पायाचं, भागिले निरोगी पायाचं, ही तूट झाली. प्रत्येक पायाची तीन वाचनं घेऊन सरासरी काढा. वाचताना दुसऱ्या माणसाने आकडा लिहावा. उंदीर धरणाऱ्याने काट्याकडे बघू नये, नाहीतर हात नकळत दाबतो. बोटं गेलेल्या उंदरांतही ही चाचणी चालते, आणि कापून शिवलेल्या नर्व्हमध्ये ती ठशांपेक्षा जास्त कामाची ठरते.

गरम पृष्ठभागावरून पाय मागे घ्यायला लागणारा वेळ बरेच जण ‘हालचाल परतली’ म्हणून मांडतात. ती संवेदनेची चाचणी आहे. घ्यायची असेल तर भाजू नये म्हणून कमाल सेकंदांची मर्यादा घाला आणि निकाल वेगळ्या शीर्षकाखाली ठेवा.

प्रयोगाच्या शेवटी, भुलीखाली सायटिक नर्व्हला विद्युत उत्तेजना देऊन पोटरीच्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवता येतो. अंतर आणि उंदराचं तापमान सर्वत्र सारखं ठेवा. गार पडलेल्या उंदरात वहन मंदावतं आणि ते इजेचं लक्षण भासतं. त्यानंतर दोन्ही बाजूंची पोटरी काढून लगेच वजन करा आणि गुणोत्तर मांडा. अर्धा तास टेबलावर ठेवलेला स्नायू सुकून हलका होतो. या शेवटच्या दोन मोजमापांत मज्जातंतू आणि स्नायू थेट बोलतात, ठशाला मध्ये घ्यावं लागत नाही.

कधी मोजायचं, कसं मांडायचं

दाबण्याच्या इजेत ७, १४, २१ आणि २८ वा दिवस पकडा, मग गरजेप्रमाणे पुढे. पहिले दोन-तीन दिवस टाक्यांचं दुखणं मोजलं जातं, नर्व्ह नाही. उलट बाजूला, दीड-दोन महिन्यांनी उपचार न केलेले उंदीरही बरे झालेले असतात आणि गटांतला फरक पुसला जातो. औषधाचा परिणाम असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, वक्र कधी वर वळतो त्यात दिसेल. केवळ शेवटच्या दिवसाची तुलना करून ‘औषध निष्फळ’ म्हणणं जितकं चूक, तितकंच एका सोयीच्या दिवसाचा फरक उचलून ‘परिणामकारक’ म्हणणं. मुख्य दिवस कोणता हे अर्जातच लिहा.

माणसाशी तुलना करताना हात आखडता ठेवा. उंदरात मांडीपासून पोटरीपर्यंत अ‍ॅक्सॉनला काही सेंटिमीटर जायचं असतं आणि तो माणसापेक्षा वेगाने वाढतो. माणसात वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर धरतात, आणि खांद्याजवळ तुटलेल्या नर्व्हला बोटांपर्यंत पोचायला अर्ध्या मीटरहून जास्त अंतर कापायचं असतं. तोवर हाताचे स्नायू वाळलेले असतात. उंदरात आठवडाभर लवकर आलेली चाल रुग्णाच्या हाताबद्दल फार काही सांगत नाही.

विश्लेषणात एकक उंदीर आहे, ठसा नव्हे. दहा उंदरांचे प्रत्येकी तीन ठसे म्हणजे तीस नमुने होत नाहीत. आधी प्रत्येक उंदराची त्या दिवसाची सरासरी काढा. तेच उंदीर पुन्हा पुन्हा मोजले जातात, म्हणून दर दिवशी वेगळी टी-टेस्ट न लावता पुनरावृत्त मोजमापांसाठीची पद्धत घ्या, मिश्र प्रारूप (मिक्स्ड मॉडेल) असेल तर उत्तम, कारण मध्येच गळालेले उंदीरही त्यात सामावतात. आलेखात सरासरीच्या रेषेमागे प्रत्येक उंदराची फिकट रेषा दाखवा. मूळ पट्ट्या शाई पूर्ण वाळल्यावर, मध्ये पातळ कागद घालून फाइलमध्ये ठेवा. परीक्षकाने शंका काढली तर तीच पट्टी काढून त्याच्यासमोर पुन्हा मोजता येते.